वाटणी दोघांची, ताराबाई कुणाच्या?

माझं माहेर वारणेच्या पल्याड, हातकणंगले तालुक्यात. सासर अल्याड, मलकापुरात. मलकापूर म्हणजे कराडचं हं, हे सांगावंच लागतं. नुसतं मलकापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापुढं बुलढाण्याचं मलकापूर येतं. आणि माझ्या माहेरच्या माणसांना आठवतं ते शाहूवाडीचं, विशाळगडाच्या वाटेवरचं. लग्न ठरलं तेव्हा आमच्या एका आत्याबाईंनी तर पोरगी एवढ्या डोंगरात का देता म्हणून वडिलांना चार शब्द सुनावले होते. तिला हायवेवरचं मलकापूर ठाऊकच नव्हतं.

सत्तावीस वर्षं झाली या गोष्टीला. अजूनही एस.टी. पेठ नाका सोडून कणेगावच्या पुढं वारणेच्या पुलावर चढली की माझा जीव थोडा हलका होतो. पूल संपला की किणी, म्हणजे माहेरचा तालुका. जाताना नदी छोटी वाटते, येताना मोठी वाटते. तुमच्याही वाटेत असा एखादा पूल, एखादा घाट, एखादा फाटा असेलच.

ही नदी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे हे शाळेत भूगोलात शिकले होते. पण ही रेघ कुणी आखली, कधी आखली, हे मला कळलं ते वयाची चाळिशी उलटल्यावर. आणि कळलं तेव्हा गंमत वाटली. कारण ज्या भेटीतून ती ठरली, ती भेट झाली आमच्या घरामागं! जखिणवाडीला. आमच्या गच्चीवरून आगाशिवचा डोंगर दिसतो. श्रावणी सोमवारी आम्ही बायका तिथल्या महादेवाला चढून जातो. त्याच डोंगराच्या पायथ्याला जखिणवाडी. लेण्यांमुळं लोकांना नाव माहीत आहे. पण १७३१ च्या फेब्रुवारीत तिथल्या माळावर साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज भेटले. मग १३ एप्रिल १७३१ ला तह झाला. तोच वारणेचा तह.

तह म्हटलं की आपल्याला परक्या शत्रूशी केलेला तह आठवतो. हा तह दोन चुलत भावांमधला होता. सरळ भाषेत वाटणीपत्रच. घरातल्या वाटण्या मी जवळून पाहिल्यात, म्हणून वाचताना माझं लक्ष तहातल्या दोन राजांकडं कमी आणि त्या घरातल्या एका बाईकडं जास्त गेलं. त्या बाईंची कुठं सही नाही. पण त्या भांडणाची सुरुवात त्यांच्यापासून झाली, आणि वाटणीचा सगळ्यात लांबलेला परिणामही त्यांनीच भोगला. महाराणी ताराबाई. कोल्हापूरकडं त्यांना ताराराणी म्हणतात.

ताराबाईंचं माहेर आपल्या कराड तालुक्यातलं. कराडहून साताऱ्याकडं निघालं की उंब्रजच्या अलीकडं तळबीडचा फाटा लागतो. वसंतगडाच्या पायथ्याचं हे गाव. तिथले हंबीरराव मोहिते म्हणजे शिवाजी महाराजांचे सरनोबत. ताराबाई त्यांची लेक, जन्म १६७५ चा. हंबीररावांची बहीण सोयराबाई ही शिवाजी महाराजांची राणी, राजाराम महाराजांची आई. म्हणजे ताराबाई आत्याच्या घरीच सून म्हणून गेल्या. लग्नात वय असेल आठ वर्षांचं. पुढं १६८७ साली वाईजवळच्या लढाईत मराठ्यांची फत्ते झाली, पण हंबीरराव तोफेच्या गोळ्यानं पडले. लेक तेव्हा बारा वर्षांची.

त्यानंतरचा काळ म्हणजे नुसती धावाधाव. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबानं संभाजी महाराजांना हाल करून मारलं. राजाराम महाराज रायगडावरून निसटून दूर तमिळ मुलखात जिंजीला गेले. रायगड पडला आणि येसूबाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला, शाहूला घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या. ताराबाई मागं पन्हाळा-विशाळगडाच्या बाजूला राहिल्या आणि पुढं १६९४ च्या सुमाराला जिंजीला पोचल्या. तिथं १६९६ मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव आजोबांचं, शिवाजी. दोन वर्षांनी सवत राजसबाई यांनाही मुलगा झाला. त्याचं नाव संभाजी. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, पुढं लागतील.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. वय अवघं तीस. ताराबाई पंचवीस वर्षांच्या. मांडीवर चार वर्षांचं सुद्धा पूर्ण न झालेलं पोर. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यानं वसंतगड घेतला होता, म्हणजे बाईंच्या माहेरच्या डोक्यावर मोगलांचं निशाण. राजाराम महाराजांच्या एक राणी, अंबिकाबाई, विशाळगडावर सती गेल्या. ताराबाई गेल्या नाहीत. त्यांनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हातात घेतला.

इथं मला एक गोष्ट लपवून ठेवायची नाही. दरबारातल्या काही जाणत्यांचं म्हणणं होतं की थोरल्या घराचा वारस शाहू, तो कैदेत असला तरी गादी त्याची. ताराबाईंनी ते ऐकलं नाही. ज्या घरात शत्रू दारात उभा आहे तिथं कैदेतल्या पोराच्या नावानं कारभार कसा चालायचा, असा त्यांचा विचार असणार. पण आईचं मनही त्यात होतं, हे का नाकारायचं? पुढच्या चोवीस वर्षांच्या भांडणाचं बी इथं पडलं.

पण त्यानंतरची सात वर्षं! औरंगजेब एकेक किल्ला घेत फिरत होता. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. आणि ताराबाईंचं धोरण काय, तर किल्ला शक्य तितका लढवायचा, बादशहाचा पैसा आणि माणसं खर्ची पाडायची, अगदीच गळ्याशी आलं की रक्कम वाजवून घेऊन किल्ला सोडायचा आणि त्याची पाठ वळली की परत घ्यायचा. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगड घेऊन बादशहाचं सैन्य परत फिरलं तेव्हा चिखलात, ओढ्यात, पुरात त्याची अशी दैना झाली की पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम पंधरा कोसांना महिन्याच्या वर दिवस लागले. आमच्या आत्याबाईंच्या लक्षातलं मलकापूर त्याच बाजूला, विशाळगडाच्या वाटेवर. तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिकडं मराठ्यांच्या फौजा गुजरात, माळवा, वऱ्हाडात शिरून बादशहाचाच मुलूख मारत होत्या. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. त्यानं सुद्धा या बाईंची हुशारी आणि कारभारावरची पकड मान्य केली आहे. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. दख्खन जिंकायला आलेला माणूस पंचवीस वर्षं इथंच अडकून संपला.

आता सुख यायला हवं होतं. पण घरात भांडण लावून देणारा बाहेरचा माणूस नेहमी नेमकी वेळ साधतो. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, दिल्लीकडं जाता जाता शाहूला सोडून दिलं. येसूबाईंना मात्र ओलीस म्हणून ठेवून घेतलं. त्या पुढं १७१९ साली परतल्या. तीस वर्षांची कैद! त्यांच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

शाहू आले. ताराबाईंचे पुतणे, पण वयात अंतर फक्त सात वर्षांचं. ताराबाईंनी जाहीर केलं की हा खरा शाहू नव्हेच, हा तोतया आहे. सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. शपथांचं काय होतं ते आपण जाणतो. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला गाठ पडली आणि सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई दक्षिणेला सरकल्या आणि १७१० मध्ये कोल्हापूरची वेगळी गादी उभी राहिली.

चारच वर्षं. १७१४ मध्ये त्यांच्याच घरात उलटापालट झाली. राजसबाईंनी डाव साधला, आपल्या संभाजीला गादीवर बसवलं आणि ताराबाईंना मुलासकट पन्हाळ्यावर कोंडलं. जिनं औरंगजेबाला हातावर तुरी दिल्या ती बाई सवतीच्या हाती सापडली. त्याच कैदेत १७२६ मध्ये मुलगा शिवाजी देवीच्या रोगानं गेला. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, तोच गेला. मला तर वाटतं, त्या दिवशी पन्हाळ्यावर ताराबाई जे काही बोलल्या असतील ते कुणी लिहून ठेवलं नाही हेच बरं.

इकडं साताऱ्याचे आणि कोल्हापूरचे भाऊ एकमेकांच्या मुलखात धाडी घालत होते. यात सोसलं कुणी? आपल्या भागानं. शिराळ्याकडचा उदाजी चव्हाण इतका उपद्रव देत होता की शाहू महाराजांनी त्याला गप्प बसवायला शिराळा आणि कराडची चौथ देऊ केली होती. म्हणजे त्यानं त्रास द्यायचा आणि त्याची किंमत आपल्या कुळवाड्यांनी भरायची. कोण कुणाच्या बाजूचा सरदार हेही नक्की नसे. आज सातारकर, उद्या कोल्हापूरकर. ज्यानं वतन कबूल केलं त्याचा तो. १७२७ मध्ये संभाजी महाराज थेट निजामाकडं गेले. बाजीरावानं १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडलं आणि तो आधार सुटला. १७३० मध्ये साताऱ्याच्या प्रतिनिधींनी वारणाकाठी कोल्हापूरकरांची छावणी मारली. संभाजी महाराज निसटले. पण छावणीतल्या बायका हाती लागल्या. ताराबाई, राजसबाई आणि संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाई, तिघी.

जरा डोळ्यापुढं आणा. जिनं कोंडलं ती सवत आणि जी कोंडली गेली ती, दोघी एकाच वेळी एकाच माणसाच्या कैदी! शाहू महाराज मनानं मोठे. स्वतःचं बालपण कैदेत गेलेलं, आई त्याहून जास्त वर्षं कैदेत राहिलेली. त्यांनी तिघींनाही मानानं वागवलं आणि पन्हाळ्याला परत पाठवायची तयारी केली. इथं ताराबाईंनी सांगितलं की आपल्याला परत जायचं नाही, आपण साताऱ्यालाच राहू.

ही ओळ वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण मला माझी आई आठवली.

वडील गेल्यावर आमच्याकडं वाटणी झाली. दोन भाऊ, चार एकर, एक विहीर. बांध कुठून टाकायचा यावर सहा महिने बोलणं बंद. शेवटी पाहुण्यारावळ्यांनी बसवून मिटवलं. मला बोलावलं ते हक्कसोडीच्या सहीला. मी केली, कुरकूर न करता केली, माहेर तुटू नये म्हणून. तुमच्यातल्या किती जणींनी अशीच केली असेल! पण त्या दिवशी बैलांची वाटणी झाली, पाळीच्या पाण्याची झाली, भांड्यांची सुद्धा झाली. आईला कुठं राहायचंय हे कुणी विचारलंच नाही. मग सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं असं ठरलं. आई एका पिशवीत दोन लुगडी घालून अंगण ओलांडते. अंगण एकच आहे, मध्ये भिंत आली एवढंच.

ताराबाईंना पन्हाळ्याला सवतीच्या मुलाचं राज्य, साताऱ्याला पुतण्याचं. दोन्हीकडं कैदच. त्यांनी निदान कैद कुठली हे आपण ठरवलं. आणि एक मनातलं सांगू? साताऱ्याच्या किल्ल्यावरून तळबीड काही फार लांब नाही.

असो. ताराबाई साताऱ्यात राहिल्या आणि पुढच्या वर्षी जखिणवाडीच्या माळावर दोघे भाऊ भेटले. तहाची कलमं रुक्ष आहेत, पण मला त्यातली दोन-तीन फार बोलकी वाटतात. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख संभाजी महाराजांचा. मिरज शाहू महाराजांकडं. वडगावचं, म्हणजे आताच्या पेठ वडगावचं ठाणं पाडून टाकायचं, म्हणजे हद्दीवर खुसपट राहणार नाही. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत दोघांनी मिळून जे जिंकायचं ते निम्मं निम्मं. एकाचा वैरी तो दुसऱ्याचा वैरी. आणि एकमेकांच्या नोकराचाकरांना आपल्या पदरी ठेवायचं नाही. सगळ्या भांडणाचं मूळ या शेवटच्या कलमात दिसतं. रुसून गेलेल्या सरदाराला पलीकडच्या घरात पाट मिळणार नाही म्हटल्यावर अर्ध्या तलवारी म्यानात गेल्या असणार. शाहू महाराज होते तोवर या दोन घरांत पुन्हा मोठी लढाई झाली नाही. वारणाकाठच्या बायांना जोंधळ्याची कणसं आपल्या अंगणात बडवता आली, एवढं तरी या तहानं दिलं.

पण वाटणी घरापुरती राहत नाही, ती सोयऱ्यांतही उतरते. परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी पहिल्यांदा ताराबाईंचे, मग शाहूंचे. त्यांचा एक मुलगा श्रीपतराव साताऱ्याचा प्रतिनिधी, तीच पुढं औंधची गादी. कराड त्यांच्याकडं होतं, पंतांचा कोट अजून आहे. दुसरा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरकडं राहिला, ते विशाळगडचे प्रतिनिधी. आणि त्यांच्या जहागिरीचं ठाणं कुठं, तर मलकापूर! शाहूवाडीचं. म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या मनातलं मलकापूर आणि माझ्या सासरचं मलकापूर दोन भावांच्या दोन बाजूंना पडली, मधे वारणा. आत्याबाई आता नाहीत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.

आणखी एक परिणाम तर माझ्या घरात आहे. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून खालसा केली. कोल्हापूरचं संस्थान १९४९ पर्यंत चाललं. म्हणजे वारणेच्या अल्याड शंभर वर्षं इंग्रजांचा अंमल आणि पल्याड छत्रपतींचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो पल्याडच्या बाजूला. माझी माहेरची आजी चार यत्ता शिकलेली, पोथी वाचायची. सासरच्या आजेसासूबाई तिच्याच वयाच्या, त्यांच्या कागदांवर अंगठा आहे. दोघींमध्ये अक्कलहुशारीचा काही फरक नव्हता. एका नदीचा होता. अर्थात अल्याडच्या लोकांनी १९४३ पासून प्रतिसरकार चालवून इंग्रजाला जेरीस आणलं, तेही विसरून चालणार नाही, नाहीतर सासरचे रागावतील! १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढला, त्यालाच १९६० मध्ये सांगली नाव मिळालं. रेघा मारणं काही थांबलं नाही. वारणेची रेघ मात्र तिथंच आहे.

ताराबाईंकडं परत येते. अठरा वर्षं त्या साताऱ्यात गप्प होत्या असं वरून दिसतं. पण गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. ते थकले तेव्हा कोल्हापूरच्या संभाजींना साताऱ्याची गादी मिळून दोन्ही घरं एक होतील, असा घाट पेशव्यांनी मनात घातला होता. म्हणजे सवतीचा मुलगा साताऱ्याला! ताराबाईंनी एक रहस्य बाहेर काढलं. आपला मुलगा शिवाजी वारला तेव्हा त्याची बायको गरोदर होती, तिला मुलगा झाला, त्याला राजसबाईंच्या भीतीनं लपवून वाढवलं, तो जिवंत आहे. तो रामराजा. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज वारले आणि लगेच जानेवारीत रामराजा छत्रपती झाले. ताराबाईंचं वय पंचाहत्तर. पस्तीस वर्षांपूर्वी हातचा गेलेला कारभार नातवाच्या रूपानं परत येतोय असं त्यांना वाटलं असणार.

नातू मात्र पेशव्यांच्या कलानं वागू लागला. १७५० च्या चंपाषष्ठीला ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथंच कैद केलं. त्यांनी हे का केलं हे समजू शकतं. राज्य पुण्याच्या पेशव्यांच्या हातात चाललंय आणि छत्रपती नावाला उरतोय, हे त्यांच्याइतकं स्पष्ट फार थोड्यांना दिसलं. पण जी बाई स्वतः सोळा वर्षं पन्हाळ्यावर कोंडली गेली, जिचा मुलगा कैदेत गेला, तिनं मुलाच्या मुलाला कोंडावं? मला हे पटत नाही. घराघरांत पाहते मी, ज्या सुनेला सासूनं छळलं ती पुढं तशीच सासू होते, तसं काहीतरी झालं म्हणायचं.

त्यांनी गुजरातेतून दमाजी गायकवाडांना मदतीला बोलावलं. दमाजी १७५१ मध्ये साताऱ्यापर्यंत आले, पण वेण्णेकाठी त्यांचं काही चाललं नाही आणि पेशव्यांनी त्यांना पकडलं. शेवटी १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढं ताराबाईंनी आणि नानासाहेब पेशव्यांनी शपथा घेतल्या. ताराबाईंनी तिथं सांगितलं की रामराजा आपला नातू नव्हे. १७०७ मध्ये पुतण्याला तोतया म्हटलं होतं, आता नातवाला. पुष्कळ अभ्यासकांचं मत रामराजा खरोखरच त्यांचा नातू होता असं आहे. तो बिचारा कैदेतच राहिला. सुटला तो ताराबाई गेल्यावर, थोरल्या माधवरावांच्या काळात. आणि छत्रपतींच्या हातात काही उरलं नाही ते नाहीच.

इकडं कोल्हापुरात १७६० च्या अखेरीला संभाजी महाराज वारले. पेशव्यांना आता कोल्हापूर साताऱ्यात मिळवायचं होतं. त्यांच्या आड आली ती राणी जिजाबाई, १७३० च्या कैदी तिघींतली तरुण. तिनं दत्तक घेऊन गादी राखली आणि १७७३ पर्यंत कारभार केला. पुरुषांनी वारणेवर आखलेली रेघ तिनं सांभाळली, म्हणून कोल्हापूर राहिलं.

ताराबाईंनी शेवटच्या वर्षी पानिपत ऐकलं. जून १७६१ मध्ये नानासाहेब गेलेले ऐकले. मग डिसेंबर १७६१ मध्ये साताऱ्यात त्या गेल्या, शहाऐंशीव्या वर्षी. शिवाजी महाराजांच्या सुनेनं पानिपतानंतरचा हिवाळा पाहिला! समाधी क्षेत्र माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. आणि घोड्यावरचा मोठा पुतळा कोल्हापुरात कावळा नाक्याला. पुण्याकडून येणारी एस.टी. शहरात शिरते ती त्यांच्या समोरूनच.

मागच्या मार्गशीर्षात आई माझ्याकडं आली होती. पाळी खरं तर धाकट्याची होती. म्हटलं चल, माहुलीला जाऊन येऊ. नदीला पाणी कमी होतं. मी तिला चालता चालता ही सगळी गोष्ट सांगितली. लढायांकडं तिचं लक्ष नव्हतं. कोण कुणाची सवत, कोण कुणाचा चुलता, एवढं तिनं दोनदा विचारून पक्कं करून घेतलं. समाधीपाशी फुलं ठेवली. म्हातारपणी ताराबाईंचं कोण करत होतं, हे तिनं विचारलं.

येताना तळबीडच्या फाट्यावर तिनं गाडी थांबवायला लावली. पाय मोकळे करायचे आहेत म्हणाली. रस्त्याच्या कडेला उभी राहून वसंतगडाकडं बघत राहिली. मग गाडीत बसताना सांगून टाकलं, की या महिन्यात ती मलकापुरातच राहणार आहे, दोघांनाही फोन करून कळव.